आरव्ही-७ चा कॉकपिट उन्हात तापतो: एसी घ्यायच्या आधी काय काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही ह्यूस्टनजवळ राहता, आरव्ही-७ हे छोटं विमान स्वतः बांधलंय, टिप-अप कॅनोपी आहे, म्हणजे पुढच्या बिजागरीवर वर उघडणारं पारदर्शक छत. उन्हाळ्यात टॅक्सी करतानाच, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेतानाच, शर्ट भिजतो, वर गेल्यावरही पायाशी भट्टी असल्यासारखं वाटतं, दोन्ही व्हेंट पूर्ण उघडले तरी हवा जेमतेम येते, बायकोने दुपारी विमानात बसायला नकार दिलाय, आणि आता १२ व्होल्टचा पोर्टेबल एसी बॅगेजमध्ये ठेवायचा विचार चाललाय. मी फिनिक्सकडे राहतो, बरीच वर्षं अशीच विमानं बांधतो आणि दुसऱ्यांची तपासूनही देतो. आमच्याकडे २०२३ ला ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर गेला होता, म्हणजे या विषयाशी रोजचा संबंध आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, एसी आत्ता घेऊ नका. तुमचं विमान गार करायच्या आधी ते तापतंय कुठून हे शोधायचंय, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून निदान दोन जागा तरी मला इथे बसून दिसतायत.

ज्यांना होमबिल्ट म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आरव्ही-७ हे ओरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं किट, दोन सीटं शेजारी-शेजारी, ॲल्युमिनियमचं, निम्म्याहून जास्त काम मालकाने स्वतः केलं की एफएए (अमेरिकेचं विमान खातं) त्याला एक्स्पेरिमेंटल म्हणून नोंदवतं. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ ला मुंबईत मेक इन इंडियामध्ये लोकांनी ते पाहिलं, ते अर्थात किट नव्हतं, सगळंच स्वतःचं होतं. यातला मोठा फायदा हा की कारखान्याला न विचारता आपण आपल्या विमानाला भोक पाडू शकतो, आणि त्याची जबाबदारीही मग आपलीच.

आता ढोबळ गणित मांडू, कारण याच्याशिवाय पैसे भलतीकडे जातात. भर दुपारी ऊन चौरस मीटरला साधारण १००० वॅट. तुमच्या कॅनोपीखालचं उघडं क्षेत्र सव्वा चौरस मीटर धरा, ॲक्रेलिकमधून नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊन आत येतं, म्हणजे ११०० वॅट उन्हाचेच झाले. दोन माणसं दोनशे वॅट, स्क्रीन-रेडिओ शंभर, झाले १४०० वॅट, आणि यात फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि एक्झॉस्टकडून येणारी उष्णता अजून धरलीच नाही. म्हणजे खोलीतला एक हीटर फुल करून मांडीवर घेऊन बसलात. ही उष्णता बाहेर कोण नेणार, तर हवा. मिनिटाला १०० घनफूट हवा खेळत असेल तर ती एका अंशाच्या फरकात जेमतेम ५२ वॅट उचलते, म्हणजे आतली हवा बाहेरच्यापेक्षा सत्तावीस अंशांनी वर जाईल. दोनशे घनफूट खेळवली तर साडेतेरा, तीनशे असेल तर नऊ. हे सगळ्या केबिनचं सरासरी झालं, प्रत्यक्षात झोत थेट चेहऱ्यावर घेतला तर तिथे बाहेरचीच हवा लागते म्हणून माणूस तग धरतो. पण आकडे बघा म्हणजे कळेल, तुमचे व्हेंट जेमतेम चालत असतील तर कुठलाही छोटा एसी ही लढाई जिंकणार नाही.

व्हेंटपासून सुरू करू. आरव्हीच्या दोन्ही कुशीत जे खोलगट त्रिकोणी तोंड असतं ते नाका (NACA) स्कूप, नासाच्या आधीच्या या अमेरिकन संस्थेने १९४५ च्या सुमाराला यावर काम केलं होतं, निमुळतं टोक पुढे आणि रुंद तोंड मागे. त्याच्या बाजूच्या कडा धारदार असायलाच हव्यात, कारण त्या कडांवरून जे भोवरे सुटतात तेच अंगालगतची मंद हवा बाजूला सारून ताजी हवा आत ओढतात. मी पाहिलंय की पेंटर लोक प्रायमर-फिलरने या कडा छान गोल करून देतात, दिसायला सुंदर आणि हवा कमी. तुम्ही नुकतंच पेंट करून घेतलंय म्हणता, तर बोट फिरवून बघा. दुसरं म्हणजे आत स्किनला डकवलेली प्लॅस्टिकची पेटी आणि तिच्यापासून पॅनलखालच्या, हवी तिकडे फिरवता येणाऱ्या आयबॉल व्हेंटपर्यंत जाणारा होज. ही पेटी एका कडेने सुटलेली असते आणि कळत नाही, हवा भिंतीच्या मागे कुठेतरी निघून जाते, पॅसेंजरच्या बाजूला तर होज वायरींच्या जुडग्याखाली दबलेला असतो. जमिनीवर तपासायची सोपी रीत: पानं उडवायचा ब्लोअर बाहेरून स्कूपसमोर हलका धरा, जवळ दाबून नको, आणि आत एकाने व्हेंटसमोर आणि एकाने पॅनलमागे हात ठेवून कुठून किती येतंय ते बघायचं. वळ्यावळ्यांचा होज जितका लांब तितका झोत मरतो, त्यामुळे जास्तीचा कापून टाका, वळण मोठं ठेवा, शक्य असेल तिथे आतून गुळगुळीत पाइप घाला.

आता मुख्य गोष्ट, आणि इथे बहुतेक जण चुकतात असं मला वाटतं. हवा आत यायची सोय सगळे करतात, बाहेर जायची कोणीच करत नाही. बंद बाटलीत फुंकर मारून बघा किती हवा जाते. केबिनमधून हवा निघायला वाट नसेल तर स्कूप कितीही मोठा केला तरी हवा स्कूपच्या तोंडाशी अडून बाजूने निघून जाईल. आणि बबल कॅनोपीच्या विमानात यात एक गुंतागुंत आहे, कॅनोपीच्या फुगवट्यावरून हवा वेगाने पळते, तिथे बाहेरचा दाब कमी असतो, त्यामुळे कॅनोपीच्या फटींतून आतली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची भरपाई शेपटीकडून होते, एलेव्हेटरच्या (शेपटीच्या हलत्या पाटीच्या) पुशरॉडची भोकं, फ्लॅपच्या (पंखामागे खाली सोडायच्या पाटीच्या) रॉडचे खाचे, बॅगेजमागच्या पॅनलच्या कडा, सगळीकडून. हिवाळ्यात मानेवर मागून गार वारा लागतो तो हाच. म्हणजे कुठलं भोक आत घेतंय आणि कुठलं बाहेर टाकतंय हे अंदाजाने सांगता येत नाही, ते मोजावं लागतं.

मोजायला काही महाग लागत नाही. लोकरीचे चार-चार इंचाचे धागे कापा, एक टोक टेपने चिकटवा, प्रत्येक संशयित भोकाजवळ एक: बॅगेजमागचं पॅनल, दोन्ही बाजूंचे फ्लॅपचे खाचे, एलेरॉनचे (पंखाच्या टोकाकडच्या हलत्या पाट्यांचे) रॉड जिथून जातात ते बूट म्हणजे गवसणी, स्टिकचं बूट, टिप-अपच्या मागच्या कमानीची फट. फोन क्लॅम्पने पक्का बसवून व्हिडिओ चालू ठेवा, उडताना तुम्ही बाहेर बघा, फोनकडे नाही. व्हेंट बंद, एक उघडा, दोन्ही उघडे, फ्लॅप खाली, असं प्रत्येक स्थितीत दोन-दोन मिनिटं उडा आणि कोणती स्थिती चालू आहे ते मोठ्याने बोलत राहा म्हणजे नंतर व्हिडिओत कळतं. घरी येऊन शांतपणे बघा. धागा आत झुकला तर तिथून हवा येतेय, खाच्याकडे ओढला गेला तर जातेय, नुसता लोंबत असेल तर तिथे काहीच होत नाही. तुमच्याकडे ऑल्टरनेट स्टॅटिक, म्हणजे उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरला बाहेरच्याऐवजी केबिनचा दाब देणारं पर्यायी तोंड, कॉकपिटमध्ये उघडणारं असेल तर तेही वापरा, व्हेंट बंद-उघडे करून त्यावर अल्टिमीटर किती फूट हलतो बघा, व्हेंट उघडल्यावर आकडा जितका खाली येईल तितकी केबिन फुगलीय, म्हणजे बाहेर जायची वाट कमी पडतेय.

वाट करायची तर बॅगेजमागच्या पॅनलला वरच्या बाजूला, गरम हवा जमते तिथे, जाळीचं तोंड द्यायचं, आणि तिथून शेपटीत गेलेली हवा बाहेर पडायला पोटाला मागे तोंड असलेलं छोटं लूव्हर, म्हणजे उंचवट्याच्या झाकणाचं भोक. बाहेर जायचं क्षेत्र आत यायच्या क्षेत्राइतकं तरी असावं, मी दीडपट ठेवतो. आधी टेपने चिकटवून तात्पुरतं करून बघायचा मोह होईल, पण स्किनला भोक पाडायचं ते विचार करूनच: लाँजरॉन आणि बल्कहेड या सांगाड्याच्या भागांपासून लांब, कोपरे गोल, आतून त्याच जाडीचा डब्लर म्हणजे मजबुतीचा जोडपत्रा. आणि आरव्हीचे स्टॅटिक पोर्ट (बाहेरचा दाब घेणारी बारीक भोकं) मागच्या कुशीत असतात, त्यांच्या पुढे त्याच रेषेत कुठलंही उंचवट्याचं झाकण नको, नाहीतर एअरस्पीड आणि अल्टिमीटर दोन्ही बिघडतील आणि तुम्ही केबिनच्या गारव्यावर खूश राहाल.

आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. हवेच्या वाटा बदलल्या की कार्बन मोनॉक्साइडची वाटही बदलते. एक्झॉस्ट पोटाखालीच सुटतो, पोटाखालचं भोक उद्या फ्लॅप सोडल्यावर किंवा नाक वर असताना आत ओढायला लागलं तर विषारी वायू थेट केबिनमध्ये येईल, आणि त्याला वास-रंग काही नाही. आकडा दाखवणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर घ्या, रंग बदलणाऱ्या चिकटवायच्या ठिपक्यावर विसंबू नका. प्रत्येक बदलानंतर क्लाइंब, क्रूझ, फ्लॅपसकट उतरताना आणि कॅनोपी किलकिली ठेवून टॅक्सी करताना, प्रत्येक वेळी वाचन लिहून ठेवा. सर्टिफाइड विमानांसाठी वीस हजारात एक भाग, म्हणजे ५० पीपीएम ही मर्यादा आहे, पण मी माझ्या विमानात आकडा शून्याच्या आसपासच हवा म्हणतो, वीस-तीस दिसले तर भोक बंद करतो आणि पुन्हा विचार करतो.

आता तुमचे भाजणारे पाय. हे ऊन नाही, हे इंजिन आहे, आणि इथे फायदा सगळ्यात जास्त आहे. पहिला संशय हीटरवर. एक्झॉस्टच्या पाइपभोवती हीट मफ म्हणजे हवा तापवणारं पत्र्याचं वेष्टन, त्यातून होज फायरवॉलवरच्या व्हॉल्व्हला. व्हॉल्व्ह बंद केला की गरम हवा काउलमध्ये (इंजिनवरच्या आवरणात) सोडली जाते असं असतं, पण ती पत्र्याची झडप कधीच पूर्ण बंद होत नाही, उन्हाळाभर थोडं-थोडं गरम वारं पायांवर येत राहतं आणि आपण उन्हाला दोष देतो. केबल पूर्ण जातेय का बघा, बटण आत गेलं म्हणजे झडप बसली असं नाही, काउल काढून हाताने दाबून बघा. झडप ॲल्युमिनियमची असेल तर ती बदलून स्टेनलेसची लावा, गारव्यासाठी नाही तर आगीसाठी, स्टेनलेसच्या फायरवॉलमध्ये ६६० अंशाला वितळणाऱ्या धातूचं दोन इंची भोक ठेवण्यात अर्थ नाही. मे ते सप्टेंबर मी होज सरळ काढून टाकतो आणि फायरवॉलवरच्या तोंडाला स्टेनलेसची चकती बोल्टने बसवतो. फक्त मफमध्ये हवा कोंडून ठेवायची नाही, दोन्ही तोंडं उघडी राहू द्या किंवा मफच काढा, नाहीतर आतला पाइप जास्त तापून लवकर जाईल.

दुसरा संशय एक्झॉस्टच्या पाइपांवर. ते फायरवॉलच्या खालच्या कडेपासून मागे जाताना तुमच्या टाचांच्या अगदी खालून जातात. तिथे स्किनखाली पातळ स्टेनलेसचा पत्रा, मध्ये पाव ते अर्धा इंच फट ठेवून, एवढंच. फट महत्त्वाची, पत्रा स्किनला चिकटून बसवला तर काही उपयोग नाही, त्या फटीतून हवा वाहते म्हणून तो काम करतो.

फायरवॉलला इन्सुलेशन लावायचं असेल तर इंजिनच्या बाजूने लावा: सिरॅमिक फायबरचा पातळ थर, वरून स्टेनलेसची फॉइल, आणि सगळ्या कडा सील, नाहीतर तो थर तेल पिऊन बसतो आणि मग तुम्ही फायरवॉलवर वात लावून ठेवलीत. केबिनच्या बाजूने चांदीसारखा चमकणारा फोम चिकटवतात तो मला मान्य नाही. इंजिनकडे आग लागली तर स्टेनलेस लाल होईल पण टिकेल, त्याच्या आतल्या बाजूचा गोंद आणि फोम मात्र पेटेल आणि धुराने तुम्हाला विमान उतरवता येणार नाही. विकणारा काहीही सांगू दे, तुकडा घ्या, स्टेनलेसच्या पत्र्याला त्याच्या गोंदाने चिकटवा, हँगरबाहेर मोकळ्यावर दुसऱ्या बाजूने टॉर्च धरा आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून मिनिटभर बघा. जे दिसेल त्यावरून ठरवा.

उन्हाचं सांगायचं तर उभ्या विमानाला कव्हर बाहेरूनच घाला, आतून लावायच्या चमकदार पडद्यापेक्षा बरं, कारण ऊन आत येऊच देत नाही. कव्हर घालायच्या आधी कॅनोपीवरची धूळ पाण्याने धुवा, नाहीतर वाऱ्याने कव्हर हलून ओरखडे पडतात, आणि अमोनियावाला काच-क्लीनर ॲक्रेलिकला कधीही नाही, बारीक तडे जातात. उडताना डोक्यावर कापडी पडदा किंवा चिकटणारी जाळीदार फिल्म, पण फक्त डोक्यावर, बाजूला आणि पुढे नाही, दुसरं विमान दिसलं पाहिजे. एवढ्या तुकड्याने सुद्धा मघाच्या ११०० वॅटमधले दोन-अडीचशे सहज कमी होतात आणि टाळूवर ऊन नसलं की माणसाला फरक लगेच कळतो. ग्लेअरशील्ड (पॅनलच्या वरचं झाकण) मात्र काळंच राहू द्या, पांढरं केलं तर पुढच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडून बाहेरचं दिसत नाही. आणि कॅनोपी उघडी टाकून उन्हात विमान सोडून जाऊ नका, वाकडं ॲक्रेलिक भिंगासारखं ऊन एका ठिकाणी गोळा करतं, ग्लायडरवाल्यांना हे चांगलं माहीत आहे, सीटला किंवा पॅनलच्या कव्हरला काळी भोकं पडतात.

(तुमच्या मित्राचं लाँग-ईझी, म्हणजे फायबरग्लास आणि इपॉक्सीचं होमबिल्ट, आहे म्हणता, त्याला गडद रंग द्यायचाय, तर त्याला सांगा नको. खोलीच्या तापमानाला सेट होणारं इपॉक्सी उन्हात मऊ होतं, म्हणूनच ती विमानं पांढरी असतात. तिथे प्रश्न घामाचा नाही, पंखाचा आहे.)

टॅक्सीसाठी टिप-अपला किलकिलं ठेवायची अडणी बनवा, थोडी फट पुरते, प्रॉपची हवा आत येते. पण तिच्याबरोबर लॅचला मायक्रोस्विच आणि पॅनलवर लाल दिवा हवाच आणि चेकलिस्टमध्ये रनअपनंतरची (उड्डाणाआधीच्या इंजिन-तपासणीनंतरची) पहिली ओळ "कॅनोपी बंद, लॅच हाताने ओढून बघितला". घामेजलेला माणूस घाईत असतो. इंजिन चालू करायच्या आधीच सगळं सेट करा, रूट भरा, एटीस (विमानतळाची रेकॉर्ड केलेली हवामान-माहिती) ऐकून घ्या, रनअपला नाक वाऱ्याकडे करा.

वर गेल्यावर निसर्ग मदत करतो. ढगांच्या तळापर्यंत दुपारची हवा दर हजार फुटांना तीन अंशांच्या आसपास उतरते, त्याच्या वर दीड-दोन. ह्यूस्टनला खाली ३५ असेल तर साडेआठ हजारावर पंधराच्या आसपास मिळायला हरकत नाही, म्हणून कमी अंतरासाठीही मी वर जातो. १६० नॉट्सला आत येणारी हवा नुसत्या आदळण्याने तीन अंश तापते, तेवढं धरून चाला.

हे सगळं झाल्यावरही दुपारच्या टॅक्सीला काही हवंच असेल तर एसीचं बघू. बॅगेजमध्ये ठेवायचा पोर्टेबल एसी गरम हवा कुठे सोडणार ते आधी विचारा. ती केबिनमध्येच सोडत असेल तर हिशेबाने केबिन आणखी तापेल, कारण जेवढी उष्णता उचलली ती परत आणि वर त्याची स्वतःची वीज. बाहेर सोडायची तर पुन्हा भोक आणि डक्ट आलंच. विजेचं बघा, ६० अँपिअरचा अल्टरनेटर म्हणजे १४ व्होल्टला ८४० वॅट, तेही सगळे फुकट नाहीत. इंजिनवरच्या कॉम्प्रेसरचा गाडीसारखा खरा एसी लोक आरव्ही-१० मध्ये बसवतात, चार सीटं आणि मोठं इंजिन आहे तिथे शोभतो, आरव्ही-७ मध्ये वीस-पंचवीस किलो मी देणार नाही.

पाण्याचा कूलर तुमच्याकडे विसरा. मी मूळचा नागपूरचा, वाळ्याच्या कूलरवर वाढलो, फिनिक्सच्या जूनमध्ये ४३ अंश आणि दहा टक्के दमटपणाला तो हवा चोवीसच्या आसपास आणू शकतो, पण ह्यूस्टनची हवा कोकणासारखी, ३५ अंशाची फार तर २८-२९ होईल आणि आत सगळं चिकट.

राहिला बर्फाचा डबा, आणि तुमच्यासाठी मी तोच सांगेन. थर्मास पेटी, त्यात बर्फ-पाणी, छोटा पाण्याचा पंप, एक रेडिएटर आणि पंखा. १० किलो बर्फ वितळताना ३.३ मेगाज्यूल घेतो, १४०० वॅटने भागलं तर चाळीस मिनिटं, म्हणजे स्टार्टपासून गार हवेत पोचेपर्यंत आरामात, झोत दोघांच्या छातीवर ठेवला तर आणखी पुरतो. तुमच्या दमट हवेत रेडिएटरवर पाणी सुटेल, खाली ट्रे आणि बाहेर नळी लागेल, वायरींवर ठिबकू देऊ नका. पेटी पट्ट्याने नाही, फ्लोअरच्या स्ट्रक्चरला धरलेल्या ब्रॅकेटने बांधा, झाकणाला वेगळा पट्टा. आरव्ही-७ मध्ये दोघं बसून बॅगेज भरलं की सीजी (गुरुत्वमध्य) आधीच मागे सरकतो, त्यामुळे पेटी भरलेली धरून आणि शेवटी टाकीत कमी पेट्रोल असतानाचा, असे दोन्ही हिशेब करा आणि लॉगबुकमध्ये नोंद करा.

आयपॅड उन्हातून काढा, ॲपल त्याला ३५ अंशांपर्यंतच चालवा म्हणतं, व्हेंटच्या झोतात बसवला तर टिकतो, नाहीतर नेमका उतरायच्या अप्रोचला बंद पडतो. सुती कपडे, पूर्ण बाही. पाणी प्या, संडास-लघवीची पंचाईत नको म्हणून न पिता उडणारे बरेच आहेत आणि दोन तासांनी त्यांच्या रेडिओवरच्या बोलण्यातून ते कळतं.

क्रम असा ठेवा: हीटरचा होज या शनिवारी काढा, त्याला अर्धा तास लागेल. मग स्कूप-होज, मग धागे. प्रत्येक वेळी पायाशी, छातीशी आणि डोक्यावर असे तीन थर्मामीटर आणि बाहेरचं तापमान एकाच उंचीवर लिहा, दोन बदल एकत्र करू नका. धाग्यांचा व्हिडिओ झाला की फ्लॅपच्या खाच्यांचं काय दिसलं ते कळवा, लूव्हर कुठे पाडायचं हे त्यावरच ठरेल, तोपर्यंत पत्रा कापू नका.